दुसऱ्याच्या खात्यावर जमा



दत्तजयंतीच्या अंकात विनोदावर लेख कशाला, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. पण हा लेख विनोदाचा नाही, हिशेबाचा आहे. चौतीस वर्षे बँकेत लेजर लिहिली, तेव्हा दुसरे काय सुचणार!

लग्नाची पंगत असो की निवृत्तीचा समारंभ, कोणीतरी 'एकदा आचार्य अत्रे म्हणाले' अशी सुरुवात करतोच, आणि हशा पिकतो. अत्रे हजरजबाबी होते यात वादच नाही. पण त्यांच्या नावावर जमा असलेले सगळे किस्से खरेच त्यांचे असते, तर 'मराठा' चालवायला आणि 'श्यामची आई' काढायला त्यांना सवड कधी मिळाली असती? एका गृहस्थांनी तर अत्रे टीव्हीच्या मुलाखतीत काय म्हणाले तेही मला रंगवून सांगितले. अत्रे गेले १३ जून १९६९ रोजी. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे खातेदार वारल्यानंतरच्या तारखेचा चेक! बँकेत तो आम्ही परत केला असता. गप्पांत मात्र सगळे पास.

साहेबाच्या देशातही हेच. लेडी अ‍ॅस्टर चर्चिलना म्हणाल्या, मी तुमची बायको असते तर तुमच्या कॉफीत विष घातले असते. चर्चिल म्हणाले, मी तुमचा नवरा असतो तर ती प्यायलो असतो. हाच विनोद १९०० च्या सुमारास अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत निनावी माणसांच्या तोंडी छापून आला होता. चर्चिल तेव्हा पंचविशीचे.

यात बिघडले काय, असे मलाही पुष्कळ वर्षे वाटे. बिरबल १५८६ साली लढाईत मारला गेला, त्याच्या गोष्टी अजून तयार होतात, आणि आपण त्या नातवंडांना सांगतो. त्यात कोणाचे नुकसान? कोणाचेच नाही. म्हणून बिरबलाला मी या हिशेबात धरत नाही. माझी नोंद वेगळी आहे.

आमच्या शाखेत एक कॅशिअर होते. हात यंत्रासारखा चाले, पण बोलताना अडखळत. त्यांची बदली झाली तेव्हा चहापानात मी बोलायला उभा राहिलो आणि म्हणालो, "अत्रे एका कॅशिअरबद्दल म्हणाले होते, याला नोटा मोजायला एक मिनिट लागतं, आणि 'मोजल्या' म्हणायला दोन!" वाक्य माझे होते. आदल्या रात्री जेवताना सुचलेले. माझे म्हणून सांगितले असते तर मॅनेजरसाहेबांनी तिथेच झापले असते. अत्र्यांचे म्हटल्यावर साहेबच सगळ्यांत मोठ्याने हसले. कॅशिअरही हसले. मात्र त्यानंतर ते कुठल्याच कार्यक्रमात बोलले नाहीत. स्वतःच्या निरोप समारंभातले आभारसुद्धा त्यांनी लिहून आणले आणि दुसऱ्याकडून वाचून घेतले.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका लग्नात अनोळखी माणसाने तेच वाक्य मला ऐकवले. अत्र्यांचे म्हणून! घास हातातच राहिला. माझी खोटी सही बाजारात चालू झाली होती.

ज्या रकमेचा मालक कळत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवत असू. इथे तर मालक पक्का ठाऊक होता. शब्द माझे, हशा माझा, आणि पाप नावे टाकले एका मेलेल्या माणसाच्या.

यंदा मंदिरात एकनाथी भागवत लावले होते. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, तो भाग दरवर्षीच ऐकतो. यंदा कान वेगळा लागला. अजगर, मधमाशी, पिंगला वेश्या, बाण करणारा कारागीर. त्यांतल्या किती जणांना आपण गुरू झालो हे कळले तरी असेल? एवढा ज्ञानी अवधूत, सगळे स्वतःच्या नावावर सांगता किंवा एखाद्या थोर ऋषीच्या माथी मारता आले असते. पण पृथ्वीचे ते पृथ्वीच्या नावावर, अजगराचे ते अजगराच्या. चोवीस नोंदी, एकही इकडची तिकडे नाही.

ते कॅशिअर गुरुवारी आरतीला येतात. परवा आरतीनंतर चपला घालताना त्यांना गाठले आणि सांगून टाकले, "ते वाक्य अत्र्यांचं नव्हतं हो, माझं होतं. चुकलो मी."

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मी मधे शब्द पुरवला नाही.

"त्याच दि... दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "अत्रे मोठमोठ्या मंत्र्यांशी भ... भांडायचे. कॅशिअरच्या वाटेला क... कशाला जातील?"

मग हातातल्या द्रोणातला प्रसाद त्यांनी माझ्यापुढे केला.