दोन जिवांची साधना

बडोद्यातील आमच्या परिचयाच्या एका भगिनीने काही दिवसांपूर्वी आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. गेली नऊ वर्षे पहाटे उठून आसने व प्राणायाम करण्याचा त्यांचा परिपाठ आहे. आता त्यांना दिवस गेले आहेत. सासूबाई म्हणतात, हे सारे आता बंद करावे. योगाच्या शिक्षिका म्हणतात, थोडा बदल करून चालू ठेवावे. एक वडील नातेवाईक तर असे सांगतात की जितकी साधना अधिक, तितके मूल तेजस्वी. त्या भगिनी म्हणाल्या, ‘कोणते आसन करावे आणि कोणते करू नये, ते मला डॉक्टर सांगतील. पण जे करीन ते कोणासाठी करावे, आणि जे सोडीन ते सोडताना मनाला काय सांगावे, हे मला कोण सांगणार?’ प्रश्न एका घरातला असला तरी त्याची मुळे खोल आहेत असे वाटल्यावरून आम्ही त्याचा येथे थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

हा प्रश्न बडोद्याहून यावा यात एक औचित्यही आहे. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झालेले जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ साली बडोद्याजवळच्या डभोई येथे झाला. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. योगाचे महात्म्य गाणारे त्यांच्या आधीही पुष्कळ होते. कुवलयानंदांनी मात्र क्ष-किरण व दाबमापक यंत्रे लावून उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके काय घडते हे पाहिले, आणि त्या क्रियांनी पोटातील दाब बदलतो हे मोजून दाखविले. परंपरेवर प्रेम असणाऱ्या माणसाने परंपरेची परीक्षा घेण्यास भिऊ नये, हा धडा त्यांनी घालून दिला. प्रस्तुत प्रश्नाकडेही त्याच दृष्टीने पाहणे आम्हांस इष्ट वाटते.

म्हणून प्रथम शरीराचे काय म्हणणे आहे ते ऐकू. गर्भारपणात स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. सांध्यांना बांधून ठेवणारे स्नायुबंध अंतःस्रावांमुळे सैल होऊ लागतात. पोट वाढते तसा शरीराचा तोल पुढे सरकतो. जी स्त्री काल एका पायावर निश्चल उभी राहत होती, तिला आज भिंतीचा आधार लागतो; यात तिच्या साधनेचा काही दोष नाही. उलट सांधे सैल झाल्यामुळे पूर्वी न जमणारा ताण आता सहज जमतो आहे असे वाटते, आणि तेथेच इजेचा धोका असतो. पाचव्या महिन्यानंतर पाठीवर बराच वेळ सरळ निजल्यास गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या नीलेवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त अडते व घेरी येऊ शकते. म्हणून शवासन करावयाचे ते कुशीवर, शक्यतो डाव्या. पालथे झोपून करावयाची भुजंग, शलभ, धनुर ही आसने, पोट आवळणारे पीळ, कपालभाती, भस्त्रिका, उड्डियान, नौली आणि दीर्घ कुंभक यांना या काळात रजा द्यावी. डोक्यावर वा खांद्यावर उभे राहण्याची आसने पडण्याच्या भीतीमुळे सोडलेली बरी. अतिशय उष्ण, कोंदट खोलीत साधना करू नये. बद्धकोनासन, उपविष्टकोनासन, हातापायांवर येऊन पाठ हळुवार वरखाली करण्याचे मार्जारासन, आधाराने उभे राहण्याची सौम्य आसने, श्वास न रोखता केलेला अनुलोमविलोम, भ्रामरी, हे सामान्यतः चालते. अंगमेहनत किती करावी याची सोपी खूण अशी की करता करता दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात, ज्यांना वैद्यकीय अडचण नाही अशा गर्भवतींना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम प्रतीचा व्यायाम सांगितला आहे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शेवटच्या महिन्यांतील २५ निरोगी गर्भवतींकडून २६ आसने करवून घेतली असता गर्भाच्या हृदयाच्या ठोक्यांत काही बिघाड आढळला नाही. पंचवीस ही संख्या लहान आहे, आणि ते सारे देखरेखीखाली झाले होते, हे विसरू नये. तथापि ‘हालचाल म्हणजे अपाय’ ही समजूत टिकण्यासारखी नाही, एवढे त्यावरून खास म्हणता येते. मात्र वार खाली सरकलेली असणे, गर्भारपणात वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, गर्भाशयाच्या मुखाला घातलेला टाका, अकाली प्रसूतीचे भय, अशी काही अवस्था असेल तर डॉक्टरांचा शब्द अखेरचा. आणि रक्त जाणे, पाणी जाणे, चक्कर, छातीत दुखणे, पोटरीत कळ वा सूज, नियमित येणाऱ्या कळा, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर साधना तेथेच थांबवून दवाखाना गाठावा. येथे तत्त्वज्ञानाला जागा नाही.

तत्त्वज्ञानाला जागा आहे ती याच्या पुढे. नऊ वर्षे जे सांभाळले ते सोडताना मन खट्टू होते. हे दुःख कशाचे? आम्हांस वाटते, त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक साधनेविषयीचे प्रेम, आणि दुसरी आपण साधक आहोत या भावनेचा सूक्ष्म अभिमान. पतंजलींनी चित्तवृत्तींच्या निरोधासाठी अभ्यास आणि वैराग्य ही दोन्ही साधने जोडीने सांगितली आहेत. आम्ही बहुतेक जण अभ्यास तेवढा उचलतो आणि वैराग्य हे संन्याशाचे काम म्हणून बाजूला ठेवतो. वस्तुतः ज्या दिवशी शीर्षासन सोडावे लागते तो दिवस वैराग्याच्या अभ्यासाचा असतो. त्याच ग्रंथात आसनाची लक्षणे म्हणून स्थैर्य व सुख ही दोनच सांगितली आहेत, आणि यमांमध्ये पहिले स्थान अहिंसेला आहे. ती अहिंसा इतरांपुरतीच आहे आणि स्वतःच्या देहाला तिच्यातून वगळले आहे, असे कोठेही म्हटलेले नाही. तेव्हा कुशीवर पडून शांतपणे श्वास पाहणारी गर्भवती नियमभंग करीत नाही. नियमाचा गाभा ती कदाचित प्रथमच पाळीत असते.

याच्या उलट बाजूला ‘सारे बंद’ म्हणणारे घर असते. त्याचा हेतू वाईट नसतो. चरकाने गर्भवतीची काळजी कशी घ्यावी हे सांगताना काठोकाठ तेलाने भरलेल्या पात्राची उपमा दिली आहे; ते पात्र हिंदकळू न देता वागवावे, तसे तिला जपावे. हा दृष्टान्त पुष्कळदा स्त्रीला घरात बसविण्यासाठी सांगितला जातो. परंतु नीट पाहिले तर तो उपदेश पात्राला नाही, पात्र वागविणाऱ्यांना आहे. भोवतालच्या माणसांनी आपला आवाज, आपला राग, आपल्या अपेक्षा यांचा धक्का तिला लागू देऊ नये, असा त्याचा रोख आहे. या उपदेशाचे ओझे आम्ही मोठ्या चलाखीने तिच्याच डोक्यावर ठेवले.

आणि येथे आम्ही त्या भगिनींच्या खऱ्या व्यथेपाशी येतो. बोलणे संपत आले तेव्हा त्यांनी हळूच सांगितले की दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक गर्भ दुसऱ्या महिन्यातच गेला होता, आणि तेव्हा घरातले कोणी तरी बोलले होते, ‘त्या उठाबशांनीच गेला.’ ते वाक्य त्यांच्या मनात अद्याप रुतून आहे. आम्ही त्यांना सांगितले तेच येथे लिहितो. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यांतील निदान निम्म्यांच्या मुळाशी गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. तो आईच्या आसनांनी येत नाही, आणि आसने सोडल्याने टळतही नाही. साधी, बेताची हालचाल गर्भ पाडीत नाही. ज्या दुःखाला कोणी अपराधी नाही, त्याला अपराधी शोधून देणे ही सांत्वनाची अत्यंत क्रूर रीत आहे.

ही रीत जुनी आहे. अभिमन्यूची लोककथा सर्वांना ठाऊक आहे. गर्भात असताना त्याने चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ऐकली, पण पुढे सुभद्रेला झोप लागली आणि बाहेर पडण्याची विद्या राहिली. ही कथा गर्भावरच्या संस्कारांचा पुरावा म्हणून सांगतात. आम्हांस मात्र तिच्यात दुसरेच काही दिसते. एका एकट्या पोराला वेढून मारणारे महारथी त्या कथेत निसटून जातात, आणि दोष उरतो तो एका दमलेल्या गर्भवतीच्या झोपेवर. ‘अधिक साधना, अधिक तेजस्वी मूल’ म्हणणारे आप्त याच कथेची पुढली ओळ लिहीत असतात. कारण मूल तेजस्वी झाले तर श्रेय साधनेचे, आणि न झाले तर उणीव आईची. साधना ही आईच्या स्वास्थ्यासाठी आहे. पोटातल्या जिवाकडून आगाऊ फळ मागण्यासाठी ती नाही. गीतेने फळाची आशा सोडावयास सांगितली, ती गर्भवतीला लागू नाही असे आम्हांस वाटत नाही.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. पहाटे सतरंजी अंथरून काय करावे, काय सोडावे, हा प्रश्न पडणे हेही एक भाग्य आहे. गोव्याच्या खाजणात वाकून रोपणी करणारी, बेळगावकडच्या उसाच्या फडात मोळ्या उचलणारी दोन जिवांची बाई हा प्रश्न विचारीत नाही. तिला व्यायाम कमी पडत नाही. तिला विसावा मिळत नाही. १९६१ सालच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात २०१७ साली सुधारणा होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, परंतु रोजंदारीच्या बांधावर ती रजा पोचत नाही. गर्भवतीच्या देहाला काय झेपते याची चिंता ज्या समाजाला खरोखर आहे, त्याने ती चिंता आपल्या घरच्या सुनेपुरती राखून भागणार नाही.

आपल्या भाषेने गर्भवतीला ‘दोन जिवांची’ म्हटले, आणि जुन्या वैद्यकाने तिला दोन हृदयांची म्हटले. ‘डोहाळे’ हा आपला लाडका शब्द त्याच कल्पनेशी नाते सांगतो. तिच्या इच्छेला मान द्यावा, ती मारू नये, असे जुन्या वैद्यांनी आग्रहाने सांगितले, आणि आम्ही तिचे म्हणणे चिंचा-आवळ्यांपुरते ऐकून घेतले. वास्तविक दोन जिवांपैकी एक जीव तिचा स्वतःचा आहे. दुसऱ्याच्या आगमनाच्या आनंदात पहिल्याची ओळख पुसली जाऊ नये, आणि पहिल्याच्या हट्टाने दुसऱ्याला इजा होऊ नये, एवढाच काय तो या साऱ्या विचाराचा सारांश. त्याचा तोल रोजच्या रोज साधावा लागतो, आणि तो साधण्याचा अधिकार, डॉक्टरांचा सल्ला ऐकून, अखेर त्या आईचाच आहे.

त्या भगिनींनी पहाटे उठण्याचा परिपाठ सोडलेला नाही. डॉक्टरांची अनुमती घेऊन त्या वीस-पंचवीस मिनिटे सावकाश आसने करतात, उरलेला वेळ डाव्या कुशीवर पडून राहतात. मागच्या आठवड्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘एखाद्या दिवशी जाग येत नाही, आणि मी तशीच निजून राहते. सासूबाई दार ओढून घेतात.’ हे ऐकून आम्हांस सुभद्रेची आठवण झाली, आणि मनाला बरे वाटले.