दुसरा प्रयोग

स्पर्धा नसत्या तर सांगली-साताऱ्याकडे नव्या नाटकावरचा पडदा वर्षातून किती वेळा उघडला असता, याचा हिशेब कुणी मांडलाच तर उत्तर फारसं सुखाचं येणार नाही. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं दौऱ्यावर येतात, एका रात्रीचा खेळ करून पुढच्या गावाला जातात. इथल्या माणसांनी लिहिलेलं, इथल्याच माणसांनी बसवलेलं नाटक बहुतेक वेळा स्पर्धेचंच असतं. राज्याची हौशी नाट्यस्पर्धा १९५४ साली, तेव्हाच्या मुंबई राज्यात सुरू झाली. सांगली हे तिच्या प्राथमिक फेरीचं एक केंद्र. त्याखेरीज बालनाट्य, एकांकिका, महाविद्यालयांचे करंडक. नाट्यसंस्था चालवणारा माणूस वर्तमानपत्र उघडल्यावर आधी या स्पर्धांच्या जाहिराती शोधतो.

आणि त्यात गैर काही नाही. स्पर्धा सगळ्यात मोठी गोष्ट देते ती बक्षीस नव्हे, तारीख. दिवसभर बँकेत, शाळेत, साखर कारखान्यात काम करून रात्री आठनंतर तालमीला येणारी दहा-बारा माणसं तारखेशिवाय एकत्र येत नाहीत. कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाची बदली होते, आणि ‘दिवाळीनंतर बघू’ या दोन शब्दांत नाटक संपतं. प्रवेशिका भरली की मात्र माघार घ्यायची लाज वाटते. ही लाज मोठी कामाची आहे. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’ने केलं ते राज्य स्पर्धेसाठी नवं नाटक हवं होतं म्हणून. तेंडुलकरांसारख्या लेखकालाही मागे लागणारं कुणीतरी आणि तोंडावर आलेली तारीख लागली, तर कराडच्या एखाद्या मास्तरला लागली यात नवल काय?

आता तो दिवस जवळून बघा. सकाळी नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी टेम्पो लागतो. लेव्हल, फ्लॅट, कुणाच्या तरी घरचा सोफा, जुनं शिवणयंत्राचं मेज उतरतात. प्रकाशयोजनाकार दुपारपर्यंत शिडीवर. एक स्पॉट लागत नाही, त्यावरून दिग्दर्शकाचा घसा तालमीपेक्षा जास्त बसतो. नटराजाला नारळ वाढवला जातो. तिसरी घंटा होते तेव्हा मधल्या रांगेत परीक्षक, त्यांच्यापुढे कागद आणि बारीक उजेडाचा दिवा, आणि बाकी सभागृहात नटांचे नातेवाईक, प्रतिस्पर्धी संस्थांची मंडळी आणि दरवर्षी न चुकता येणारे थोडे जुने रसिक. दोन-अडीच तासांत पडदा पडतो. मग सेट मोडून टेम्पोत, टेम्पो गोडाऊनला. तीन महिन्यांच्या तालमीचा पहिला प्रयोग तोच, आणि बहुतेकदा शेवटचाही.

माझी तक्रार आहे ती इथे.

नाटक एकदाच होणार आणि तेही परीक्षकांपुढे, हे ठरलं की लेखकाच्या नकळत लेखणी वळते. ‘स्पर्धेचं नाटक’ अशी एक जातच तयार झाली आहे. काळ्या कपड्यांतला समूह, मधेच गोठून उभी राहणारी पात्रं, नाव नसलेला ‘तो’ आणि ‘ती’, आणि शेवटाकडे लाल प्रकाश. लाल प्रकाश आला की कुणीतरी मरतंच. विनोदी नाटकाला बक्षीस मिळत नाही, अशी एक समजूत मंडळींत पक्की बसली आहे. खरी असो वा खोटी, तिच्यामुळे विनोद लिहिणारे हात आखडतात. पुण्यात १९६३ पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी पहिल्यांदाच ठरवलं की करंडक देण्याजोगी एकही एकांकिका नाही. त्यावर बराच वाद झाला. मला तो निर्णय प्रामाणिक वाटला. पण वाद सगळा करंडक द्यायचा की नाही याचा झाला. त्या मुलांनी त्याच एकांकिका आणखी चार गावांत केल्या असत्या तर त्या सुधारल्या असत्या का, हे फार कुणी विचारलं नाही.

खरं तर स्पर्धेतून निघालेलं नाटक मोठं कधी होतं याचा दाखला आपल्याकडेच आहे. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ च्या डिसेंबरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने राज्य स्पर्धेच्या निमित्ताने केलं. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवलं. मग नाटक करणाऱ्या मंडळींनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा सुरू केले. स्पर्धेने त्यांना रंगमंचापर्यंत नेलं. पण तिथे टिकून राहण्यासाठी त्यांना स्वतःची संस्था उभारावी लागली.

सांगलीला तर हे नवं नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या सांगण्यावरून. संधी देणारा एकच, परीक्षकही तोच. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले आणि राजाश्रय आटला. भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि १८५३ मध्ये त्यांनी मुंबईला ग्रँट रोडवर तिकीट लावून खेळ केला. आश्रय टिकला असता तर भाव्यांचं नाटक राजवाड्याबाहेर किती पोचलं असतं, कोण जाणे.

आणि स्पर्धा म्हणाल तर या मातीतली जुनी स्पर्धा कलगी-तुऱ्याची. तुरेवाले शिवाच्या बाजूने, कलगीवाले शक्तीच्या. रात्रभर सवाल-जवाब चालायचे, आणि निकाल लावायला समोर गाव बसलेलं असायचं. असाच गावापुढे उभा राहणारा तमाशाही इथलाच. शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. काळू-बाळूंचा तमाशाचा फड सांगलीजवळच्या कवलापूरचा. त्यांना ‘जहरी प्याला’ हा वग रोज नव्या गावापुढे उभा करायचा होता. आज इस्लामपूरला जिथे हशा पडला नाही तिथे उद्या विट्याला वाक्य बदलायचं, ही सोय त्यांना होती. स्पर्धेच्या नटाला ही सोय नाही. त्याची चूक गुणपत्रिकेत कायमची राहते.

म्हणून वाटतं, स्पर्धा भरवणाऱ्यांनी बक्षिसाची रक्कम वाढवण्याऐवजी पहिल्या तीन नाटकांना प्रत्येकी चार प्रयोग द्यावेत. मिरज, विटा, कराड, वाई, फलटण, यांपैकी कुठेही. सांगली ते सातारा हा सगळा पट्टा शे-सव्वाशे किलोमीटरचा. वाटेत गावोगावी एखादं सभागृह किंवा कॉलेजचा हॉल असतोच. टेम्पोचं भाडं, जेवण आणि एका दिवसाचं हॉलभाडं यापलीकडे खर्च नाही. अडचण पैशाची कमी आणि नावाची जास्त आहे. पहिल्या बक्षिसाच्या धनादेशावर देणगीदाराचं नाव छापता येतं, डिझेलच्या पावतीवर येत नाही.

आणि चैत्रात गावोगाव जत्रा भरतात, ऑर्केस्ट्रावर गावं सढळ हाताने खर्च करतात. त्यातली एक रात्र सांगली केंद्रावर पहिलं आलेल्या नाटकाला द्या, असं कुणी सरपंचाला सुचवलं तर तो हसेल. नाटकवालेही बिचकतील, कारण काळ्या कपड्यांतला समूह दहा मिनिटं गोठून राहिला तर गाव उठून जाईल हे त्यांनाही ठाऊक आहे. जाईना का. नेमकं कुठल्या प्रवेशाला उठलं, एवढं तरी लेखकाला कळेल.