कोशाची तारीख

मोठा इंग्रजी शब्दकोश घ्यावयाचा तर छापील घ्यावा की संगणकावरील, हा प्रश्न वरकरणी सोयीचा आणि खर्चाचा वाटतो. आपली घरे आता वाड्यांची राहिली नाहीत. वीस खंडांसाठी भिंत कोठून आणावी? तरीही या निवडीत सोयीपलीकडचे काही आहे.

ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचेच पाहू. १८८४ पासून भागाभागांनी निघालेली त्याची पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. दुसरी १९८९ मध्ये वीस खंडांत आली. मधल्या काळात, १९७१ साली, पहिली आवृत्ती बारीक अक्षरांत दोन खंडांत बसवून सोबत भिंग देण्यात आले होते! २००० पासून कोश महाजालावर आहे आणि दर तिमाहीस त्यात भर व सुधारणा होते. तिसरी आवृत्ती कागदावर निघण्याची शक्यता कमीच, असे २०१० मध्ये प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखांनी सांगितले.

शोधण्याच्या कामी संगणकाशी कागदाची बरोबरीच नाही. अक्षर हवे तेवढे मोठे होते आणि भारतीय भाषांतून इंग्रजीत कोणते शब्द गेले, हे घटकाभरात कळते. छापील कोशात शेजारच्या शब्दांवर सहज नजर पडते, असे कोणी म्हणतात. मला तो युक्तिवाद हौशी वाटतो. मालकीचा मुद्दा मात्र खरा आहे. वार्षिक वर्गणी थांबली की कोशाचे दार बंद होते. १९९२ मध्ये दुसरी आवृत्ती तबकडीवर निघाली होती. आजच्या बहुतेक संगणकांत तबकडी घालण्यास जागाच नसते. १८५७ चा मोल्सवर्थ मात्र अजून उघडता येतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा. गोरखीच्या जुन्या महालात ज्या सरकारी कचेऱ्या चालत, तेथेच काय, कोणत्याही कचेरीत नवख्याला प्रथम शिकवीत की नोटशीटवरील मजकूर खरडून काढावयाचा नाही. त्यावर एक रेघ ओढावी, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि बाजूस आद्याक्षरी व तारीख घालावी. चूक सुधारण्याचा अधिकार सर्वांना असतो. ती झालीच नव्हती असे दाखविण्याचा कोणालाच नसतो.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. शब्द फारसी, अरबी की हिंदुस्थानी, याच्या खुणा त्यात असल्याने आपल्या ग्वाल्हेरी बोलीतील दरबारी शब्दांचा माग लागतो. पण त्याच कोशात काही जातींविषयी आणि स्त्रियांविषयी असे अर्थ दिले आहेत की ते नातवंडांसमोर मोठ्याने वाचवत नाहीत. ते गाळावेत काय? ज्यांच्या वाडवडिलांनी ते बोल सोसले, त्यांच्या मुलांना शाळेच्या कोशात तेच पुन्हा का वाचावयास लावावे, हा आक्षेप रास्त आहे. रोजच्या वापरातील कोश सुधारलाच पाहिजे. मात्र जुना मजकूर नाहीसा केला तर अपमान सोसणाऱ्याच्या हातचा पुरावा जातो आणि सुटका होते ती अपमान करणाऱ्याची.

यासाठी कागदच हवा, असे मात्र म्हणता येत नाही. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती पृष्ठांकांसह महाजालावर ठेवली आहे, आणि ऑक्सफर्डनेही १९८९ च्या नोंदी पाहण्याची सोय केली आहे. परंतु ही सोय ठेवणाऱ्याच्या मर्जीवर आहे. महाराजबाड्यावरील एखाद्या कपाटातील खंडात मात्र ऑक्सफर्डहून कोणी एक अक्षरही बदलू शकत नाही.

म्हणून घरी संगणकावरील कोश पुरेसा आहे, असे मी म्हणेन. ग्रंथालयाने मात्र निदान एक पूर्ण छापील आवृत्ती राखावी, भले ती कोणी महिनोन्‌महिने उघडो न उघडो. आपल्यापैकी काही घरांत आजोबांच्या वेळचे कोश पोटमाळ्यावर असतील. ते रद्दीत घालण्यापूर्वी मुखपृष्ठाच्या आतील पानावरचे साल पाहावे आणि एखाद्या ग्रंथालयाकडे ती आवृत्ती आहे काय, हे विचारून घ्यावे.