मूल्य आणि लोकाचार

समाजात राहणाऱ्या जीवाला दोन गोष्टी बांधून ठेवतात. काय श्रेयस्कर, याविषयीची समाजाची धारणा हे मूल्य होय. त्या धारणेपोटी ‘असे करावे, असे करू नये’ म्हणून जो आचार रूढ होतो आणि जो मोडल्यास जन नावे ठेवतात, पंगतीतून उठवितात, तो लोकाचार होय. शुचित्व हे मूल्य. सोवळे हा लोकाचार. मूल्य डोळ्यांना दिसत नाही, लोकाचार दिसतो. त्यामुळे लोकाचारालाच मूल्य समजण्याची चूक घडते आणि पुढे पिढ्यानुपिढ्या तीच चूक धर्म म्हणून चालते.

रजस्वलेच्या विटाळाविषयी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी केलेले निरूपण पंथीयांस परिचित आहे. नाक, कान, डोळे या द्वारांतून जसा मळ येतो, तसाच हाही देहाचा एक स्राव. तो येतो व निवर्ततो, त्याचा विटाळ धरू नये, हा त्याचा आशय. सर्वज्ञांनी येथे शुचित्व नाकारलेले नाही. देहधर्माला पाप मानून स्त्रीला ज्ञानापासून दूर ठेवणारा तेराव्या शतकातील लोकाचार तेवढा बाजूस सारला. म्हणूनच महदाइसेला संन्यासही मिळाला आणि प्रश्न विचारण्याचा अधिकारही मिळाला. असे असता, ज्या उपदेशी घरात आजही त्या चार दिवसांत बाईला पोथीला हात लावू देत नाहीत, त्या घरात आज्ञा पाळली जाते की शेजाऱ्यांची रीत, याचा विचार त्या घरच्या कर्त्या पुरुषाने करावा.

विधीचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण विधीला आज्ञेचा आधार असतो. कानडदेश व तेलंगदेश येथे न जाता महाराष्ट्रात असावे, या आज्ञेमागे साधकाने विषयांपासून दूर राहावे हे प्रयोजन होते. पुढे पंथ पंजाबात व त्याही पलीकडे पेशावर-काबूलपर्यंत गेला. तेथे त्याला जयकृष्णी पंथ म्हणू लागले. केवळ भूमी पाहणाऱ्याला हे उल्लंघन वाटेल. पण मराठी ज्यांची मातृभाषा नव्हती, त्या पंजाबी अनुयायांनी मराठी पोथ्या जतन केल्या, वाचल्या, आचार राखला. महाराष्ट्रात जन्मून पोथी न उघडणाऱ्याने त्यांना दोष देण्याची घाई करू नये.

यावर कोणी म्हणेल की, मग ‘मूल्य राखतो’ असे सांगून उद्या कोणीही विधी सोडील. शंका रास्त आहे, आणि असे सोडणारे भेटतातही. परंतु विधी न सोडताही मूल्य गमावता येते, हे भिक्षेवरून कळते. चारही वर्णांच्या घरी भिक्षा करावी, ही आज्ञा अन्नाच्या सोयीसाठी नव्हे. जातीचा अभिमान, ओळखीचा आधार आणि रुचीची ओढ ही तिन्ही गळावीत, म्हणून ती आहे. जो भिक्षुक रोज त्याच चार परिचित दारी जातो, तेथे आपली वाट पाहिली जाते हे जाणून जातो आणि मधली अनोळखी घरे, विशेषतः गावकुसाबाहेरची, वगळतो, त्याची झोळी खांद्यावर असते व अन्नही मागूनच आणलेले असते. गावकरी त्याला दंडवत घालतात. त्याने कोणती घरे वगळली, हे मात्र त्या घरांना ठाऊक असते.