डाव केव्हा वाढवावा?

दिवाळीत पत्त्यांचा जोड बाहेर काढण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. लक्ष्मीपूजन उरकले, फराळाची ताटे आवरली, की कुणीतरी सतरंजी अंथरतो आणि एरवी भाजीवालीशी आठ आण्यांसाठी हुज्जत घालणारी माणसेही रुपया-दोन रुपयांचा डाव मांडून बसतात. पाडव्याच्या दिवसाला तर शास्त्रानेच द्यूतप्रतिपदा असे नाव देऊन ठेवले आहे. माझी त्याला हरकत नाही. मला कुतूहल वाटते ते तासाभराने उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याचे. कुणीतरी मांडी बदलतो आणि म्हणतो, "रुपयात काय मजा? आता दहा-दहाचा करू या." हे वाक्य जिंकणारा कधी बोलतो, हरणारा कधी बोलतो, आणि पुष्कळदा बाजूला बसून नुसते पाहणारा बोलतो. कोण बोलला, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते.

अलीकडे काही वर्षे पोकर नावाचा विलायती पत्त्यांचा खेळ भ्रमणध्वनीवर पैसे लावून खेळला जात होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने केला. तो खेळ कौशल्याचा की दैवाचा, हा वाद वकिलांचा. पण त्या खेळातल्या जाणत्यांनी एका प्रश्नाचा जितका बारकाईने विचार केला आहे, तितका मला नीतिशास्त्राच्या ग्रंथांतही आढळला नाही. लहान पैजेच्या मेजावरून मोठ्या पैजेच्या मेजावर केव्हा जावे? त्यांचा दंडक असा, की खेळायचे भांडवल घरखर्चापासून निराळे ठेवावे. एका बैठकीत त्याचा लहानसा हिस्साच मेजावर ठेवावा. भांडवल पुरेसे वाढले तरच वरच्या मेजावर जावे. आणि ते घटले तर निमूटपणे खालच्या मेजावर परतावे. काही जण मेज न बदलता खेळाची रीतच बदलतात. उघड्या पैजेऐवजी ठराविक प्रवेशशुल्क भरून स्पर्धेत उतरतात. म्हणजे जास्तीत जास्त किती जाणार, हे बसण्यापूर्वीच ठरलेले असते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचे आहे. फासे सोड आणि शेत नांगर, असा उपदेश त्यात त्याला केला आहे. आमच्या मंचरच्या बाजार समितीच्या आवारात, कांद्याच्या ढिगांमध्ये उभे राहून, हा उपदेश कुणी मोठ्याने सांगून पाहावा! लोक हसतील. नांगर धरणे हाच ज्यांचा फासा आहे, त्यांना ऋषींनी कुठे जायला सांगायचे?

मंचरजवळ सातगाव पठार आहे. पावसाच्या भरवशावर तिथे खरिपात बटाटा करतात. बियाणे येते ते थेट पंजाबातून, मंचरच्या व्यापाऱ्यांमार्फत. एकराला आठ-दहा क्विंटल बेणे मातीत गाडायचे, वर खते घालायची आणि आभाळाकडे पाहायचे. पाऊस कमी झाला तर बटाटा पोसत नाही. जास्त झाला तर सडतो. आणि सगळे जमून आले तर सगळ्यांचेच जमून येते व भाव कोसळतो. पुढे पठारावर चिप्सच्या कंपनीचे करार आले. लागवडीपूर्वीच भाव ठरू लागला. बाजार तेजीत आला की करारवाला हळहळतो, मंदीत गेला की उघड्या बाजारवाला. माझ्या ओळखीतला एक शेतकरी अर्धे रान करारावर आणि अर्धे उघड्यावर ठेवतो. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, एका डोळ्याने रडावं लागलं तरी दुसरा कोरडा राहतो." पोकरच्या पंडितांनी याहून वेगळे काय सांगितले?

या सगळ्यांवर ताण म्हणजे टोमॅटो. २०२३ च्या मे महिन्यात किलोला दोन-तीन रुपयांवर आलेला टोमॅटो शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतला. जुलैत शहरांत तोच किलोला शंभराच्या पुढे गेला, काही ठिकाणी दोनशेलाही विकला गेला. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांहून अधिक भाव निघाला आणि जुन्नर तालुक्यात काही घरांत महिन्याभरात लाखांचे कोटी झाले. सप्टेंबरात भाव पुन्हा जमिनीला टेकला. चार-पाच महिन्यांत तीन युगे! त्या जुलैत ज्यांच्या रानात माल उभा होता, त्यांनी तो भाव ताडून लावला होता असे नव्हे. मेमध्ये इतरांनी झाडे उपटली, यांची राहिली. पण मिळालेल्या पैशाला स्वतःच्या हुशारीचे नाव देण्याचा मोह कुणाला सुटतो?

माझ्या भाच्याची दोन एकर बाग त्या वर्षी साधली. पुढच्या हंगामापूर्वी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, शेजारची चार एकर खंडाने घेतोय. सहाच्या सहा एकर टोमॅटो." बांबू, तार, सुतळी, ठिबक, मल्चिंगचा कागद, रोपे, मजूर, औषधे धरून एकराला लाख-दोन लाख सहज लागतात. मी विचारले, पैसा कुठला? थोडा हातातला, थोडा सोसायटीचा, आणि उरलेला आईच्या पाटल्या व बायकोचे गंठण गहाण ठेवून. "भाव निघाला की महिन्यात सोडवतो," तो म्हणाला. भाव निघण्याचा संभव बरा होता, हे मीही नाकारले नाही.

इथे थोडे गणित करावेच लागते. सणाच्या दिवशी त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. १९५६ साली अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतील केली नावाच्या संशोधकाने एक हिशेब मांडला. समजा, दहातले सहा डाव आपण जिंकतो व चार हरतो, आणि लावले तितकेच मिळतात किंवा जातात. म्हणजे खेळ आपल्या बाजूचा आहे. जवळ शंभर रुपये आहेत. प्रत्येक वेळी असलेल्या पैशाचा पाचवा हिस्सा लावला, तर सहा जिती व चार हारी होऊन दहा डावांनंतर सुमारे १२२ रुपये होतात. आता हिस्सा दुप्पट करा, म्हणजे शंभरातले चाळीस लावा. डाव तेच, जिती तितक्याच; शेवटी हातात साडेसत्त्याण्णव रुपये! आणि दर वेळी सगळेच लावले, तर पहिल्या हारीलाच भोपळा. खेळ अनुकूल, खेळाडू हुशार, जिती हारींपेक्षा अधिक, आणि तरी माणूस बुडतो. केवळ डावाचा आकार चुकला म्हणून. मला हे गणित गणिताइतकेच नीतीचेही वाटते. आपण यशाची शक्यता किती, एवढेच विचारत बसतो. अपयश आले तर पुढच्या डावाला बसायला आपण उरू का, हे विचारायचे राहून जाते.

परंतु गणिताने भाच्याचा प्रश्न संपत नव्हता. पाटल्या गणितात मावत नाहीत.

महाभारतातल्या द्यूताकडे या दृष्टीने पाहावे. युधिष्ठिर हरत हरत डाव वाढवीत गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याला वाढवायला कोण सांगत होते, इकडे मात्र आपले लक्ष जात नाही. नकुल-सहदेव हरल्यावर शकुनी हळूच म्हणतो, माद्रीचे पुत्र लावलेस, भीम-अर्जुन तुला अधिक प्रिय दिसतात. त्या एका टोमण्यावर पुढचे दोन भाऊ फडावर येतात. युधिष्ठिर स्वतःलाही हरल्यावर द्रौपदीची आठवण करून देतो तोही शकुनीच. डाव वाढवण्याची सूचना समोरच्या बाजूने यावी, आणि ती मानाला डिवचून यावी, यापरता उघड इशारा कोणता? नळाची गोष्ट थोडी बरी. सर्वस्व गमावल्यावर त्याने ऋतुपर्णापासून फाशांची विद्या घेतली आणि मगच तो पुष्करापुढे पुन्हा बसला. पण तेव्हाही पणाला लावायला त्याला दमयंती आठवलीच! विद्या आली, खोड राहिली.

आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे तो आडवा झाला. डावाच्या मोठेपणाचाच विचार केला, तर याहून मोठा डाव कोणता लावणार? तरी त्याला कुणी जुगारी म्हणत नाही. त्याने लावले ते त्याचे स्वतःचे होते.

आता कुणी म्हणेल, मग काय, जन्मभर रुपयाचाच डाव खेळावा? तसे मला मुळीच म्हणायचे नाही. डिंभे धरणाच्या जलाशयाला याच बाबू गेनूचे नाव आहे. त्याचे पाणी कालव्यांनी खाली आले, तेव्हा ज्यांनी बाजरी सोडून ऊस, कांदा, भाजीपाला धरला, त्यांनी डावच वाढवला होता. बांधाशी पाणी आले असताना "आमचे काय वाईट चालले आहे" म्हणत जुनेच पीक घेत बसलेले लोकही मी पाहिले आहेत. त्या समाधानाचा खर्च त्यांच्या मुलींनी शाळा सोडून भागवला. संतोषाच्या पांघरुणाखाली भित्रेपणा बरा झोपतो. आणि न वाढवलेल्या डावातही दुसऱ्याचे काही गहाण पडतेच. फक्त त्याची पावती कुणी फाडत नाही.

भाच्याला मी इतकेच म्हटले, की जिच्या पाटल्या तिला विचार. पण भाव निघाला तर काय होईल हे सांगून नव्हे, नाही निघाला तर काय होईल हे सांगून विचार. त्याने विचारले. माझी बहीण थोडी गप्प राहिली, मग म्हणाली, "पाटल्या ने. सुनेचं गंठण नको. ते तिच्या बापानं दिलंय." अशा रीतीने सहाचे साडेतीन एकर झाले.

या व्यवहारातली खरी अवघड गोष्ट वर चढण्याची नाहीच. भ्रमणध्वनीवर खेळणारा रात्री दोन वाजता खालच्या मेजावर उतरला, तर शेजारी झोपलेल्या बायकोलाही कळत नाही. मंचरात साडेतीन एकरांचा पुन्हा दीड एकर करायचा, तर ते चहाच्या टपरीवर कळते, औषधाच्या दुकानात उधारी मागताना कळते, मुलीच्या सोयरिकीत तर आधीच कळलेले असते. म्हणून माणसे उतरत नाहीत. पुढच्या हंगामात भरून काढू म्हणतात आणि आणखी एकर घेतात. पडल्या भावाने जितकी घरे मोडली, तितकीच या लाजेने मोडली असावीत, असा माझा समज आहे. पठारावरच्या एका गृहस्थाने ट्रॅक्टर विकला आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडे भाड्याने नांगरट सांगायला तो स्वतः चालत गेला. लोक आठ दिवस बोलले, मग कांद्याचे बोलू लागले.

त्या साडेतीन एकरांना भाव बेताचा मिळाला. पाटल्या सुटल्या, वर फारसे उरले नाही. यंदा भाचा दोन एकरच म्हणतो आहे. उरलेल्या रानात बटाटा घालायचा की कांदा, हे अजून ठरलेले नाही. बेणे पाहायला तो परवा बाजारात जायचा आहे, आणि या खेपेला सूनही बरोबर जाणार आहे.