कोळ्याचा धागा, बकरीचे दूध

सगळ्यांत कच्चे घर कोळ्याचे, हा सूरह अन्कबूतमधला दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. घर कच्चे खरे, पण धागा तसा नाही. तेवढ्याच वजनाच्या पोलादाहून तो बळकट भरतो. त्यासाठी कोळी पाळावेत, तर ते एकमेकांनाच खातात. म्हणून कॅनडातील क्विबेक प्रांतातल्या नेक्सिया कंपनीने 2000 च्या सुमारास कोळ्याचा जनुक बकरीत घातला. दिसायला ती बकरीच. फक्त दुधात कोळ्याच्या रेशमाचे प्रथिन उतरते. ते वेगळे काढून बारीक छिद्रातून धागा ओढायचा आणि त्याची गोळी अडवणारी चिलखते, शस्त्रक्रियेचे टाके करायचे, असा बेत होता.

अल्लाहच्या निर्मितीत ही ढवळाढवळ नव्हे काय, असे आपल्याकडे आधी विचारले जाईल. जनावरांचे कान चिरायला आणि निर्मिती बदलायला सैतान माणसाला लावतो, असा इशारा सूरह निसामध्ये आहेच. पण रानातल्या बकरीतून दुधाची वेगळी, लोकरीची वेगळी अशी जनावरे माणसानेच निवडून निवडून घडवली. ते कुणी पाप मानले नाही. तेव्हा नुसता बदल पाहून तोबा तोबा करणे आम्हाला पटत नाही.

आमचे अडते ते हक्कापाशी. पाळलेल्या जनावराचा आपल्यावर हक्क असतो: चारा, पाणी, सावली आणि वेळ आली तर धारदार सुरी. त्याच्या बदल्यात ते आपले घर चालवते. या बकरीचे दूध मात्र कुणाच्या चुलीवर चढत नाही, परवानगीवाचून मांस बाजारात जात नाही, तिला दुसऱ्या कळपातही सोडता येत नाही. प्रथिन थांबले की तिला किंमत नाही. आणि पुढे नेक्सियाचा हा धंदाच बंद पडला. अशा बकऱ्यांवरचे काम पुढे अमेरिकेत प्रा. रँडी लुईस यांनी चालू ठेवले, म्हणून निदान काहींना गोठा राहिला.

बरे, धागा तरी साधला? 2002 मध्ये कंपनीने अमेरिकी लष्कराच्या शास्त्रज्ञांबरोबर सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेल्या प्रथिनाचा धागा काढून दाखवला. तो अस्सल धाग्याइतका मजबूत नव्हता. मालेगाव-भिवंडीच्या विणकराला याचे नवल वाटू नये. कापूस मिळाला म्हणजे सूत कातता येतेच असे नाही. कोळ्याच्या पोटातल्या नळीत त्या द्रवाचे पाणी कमी होते, आम्लता बदलते, मग तो ओढला जातो. ती करामत बकरीत उतरली नाही.

आता जपान-जर्मनीत अशी प्रथिने सूक्ष्मजीवांकडून टाकीत करून घेतात. टाकीतल्या जिवाला तहान-भूक, पिलाची ओढ नसते. ती वाट मोकळी असताना बकरीच हवी, असे म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे, धंदा बुडाला तर तिला मरेपर्यंत कोण सांभाळणार?