बापाला विचारलेला प्रश्न



संत मार्कलिखित शुभवर्तमानात (९:१४-२९) एका बापाची कहाणी आहे. रूपांतरानंतर प्रभू येशू डोंगरावरून खाली येतो, तेव्हा पायथ्याशी गर्दी जमलेली असते. शिष्य आणि शास्त्री वाद घालत असतात. या वादाच्या मुळाशी असलेला मुलगा मात्र बाजूलाच राहिलेला असतो. त्याला झटके येतात, तोंडाला फेस येतो, कधी तो विस्तवात पडतो तर कधी पाण्यात.

प्रभू मुलाला जवळ आणायला सांगतो. आणि बरे करण्याआधी बापाकडे चौकशी करतो की, हा त्रास किती दिवसांपासून आहे. बाप सांगतो, लहानपणापासून. सर्व काही जाणणाऱ्या प्रभूला हे विचारायची काय गरज होती? गरज बापाला होती. इतकी वर्षे मनात दाबून ठेवलेले त्याला एकदा सांगायचे होते.

आपल्या खारघरच्या इमारतींतही असे आईबाप आहेत. वसईहून, अहिल्यानगरहून, जालन्याहून आपण इथे आलो. आजी-आजोबा गावाकडे, आईवडील सकाळच्या लोकलला. मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही. शाळेच्या डायरीत रोज तक्रार येते. तोंडी सगळे सांगणारा मुलगा लिहायला बसला की अक्षरे उलटी काढतो. वयात आलेली मुलगी जेवत नाही, झोपत नाही, दार लावून बसते. मग घरात वाद सुरू होतो. "आईने लाडावून ठेवलाय," "मोबाईलमुळे झालंय," "त्याचे बाबाही उशिराच बोलले होते." वाद चालतो, वर्षे जातात, आणि मूल पायथ्याशी तसेच उभे राहते.

अशा वेळी मुलाला मारणे, दुसऱ्या मुलांशी तुलना करणे किंवा "याला कोणीतरी केलंय" म्हणत दारोदार फिरणे, यात बालपणाची मोलाची वर्षे निघून जातात. या मुलांना भूतबाधा झालेली नसते. याच घटनेत संत मत्तय फेफऱ्याचा उल्लेख करतो, हेही लक्षात ठेवू या. आणि जन्मांध माणसाविषयी पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने ते ना त्याच्यावर ठेवले, ना त्याच्या आईबापांवर (योहान ९). मग आपण ते एखाद्या आईच्या माथी का मारावे?

तपासणी म्हणजे मुलावर शिक्का मारणे नव्हे. आधी बालरोगतज्ज्ञांना भेटावे. कान आणि डोळे तपासून घ्यावेत. कधी कधी लक्ष न देणाऱ्या मुलाला मुळात नीट ऐकूच येत नसते. मग मानसतज्ज्ञ मुलाशी खेळतात, बोलतात, काही चाचण्या घेतात, आणि प्रभूप्रमाणेच आईबापांना विचारतात, हे केव्हापासून? घरीच होते की शाळेतही? जाताना शाळेच्या वह्या, शिक्षकांचे शेरे आणि मूल केव्हा चालले, केव्हा बोलले याची नोंद सोबत न्यावी. एका भेटीत सगळे उलगडत नाही, धीर धरावा.

यासाठी फार दूर जायला नको. १९८४ साली सिकंदराबादला सुरू झालेल्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आपल्या खारघरमध्येच आहे. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान मिळाले आहे. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असले, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मनाच्या त्रासासाठी २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर मात्र रविवारची वाट पाहू नका. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

"म्हणजे आमची श्रद्धा कमी पडली का, फादर?" असे कोणी विचारील. नाही. सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय काढून वाचा. आजारी माणसाने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही मान द्यावा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असे तिथे सांगितले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी वयाच्या ४२ व्या वर्षी सहा महिने एका मनोविश्लेषक बाईंची मदत घेतली होती. ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली आणि २०१७ साली ती पुस्तकात छापूनही आली. नोव्हेना चालू ठेवा आणि डॉक्टरांची तारीखही चुकवू नका.

शेवटी एक विनंती आपणा सर्वांना. मिस्सात एखादे मूल ओरडते, बाकावरून धावत सुटते, तेव्हा आपल्या माना वळतात. त्या नजरांना घाबरून काही कुटुंबे चर्चला येणेच सोडून देतात. त्या आईला आपल्या उपदेशाची गरज नाही. बाकावर थोडी जागा करून देणाऱ्या शेजाऱ्याची आहे.

त्या बापाचा विश्वास डळमळीत होता, आणि तेही त्याने प्रभूला रडत सांगितले. तरी प्रभूने त्याच्या मुलाचा हात धरून त्याला उठवले.

हे प्रभू येशू, आमच्या मुलांविषयी जे बोलायला आम्ही घाबरतो, ते बोलण्याचे धैर्य दे. त्यांना तपासणाऱ्या हातांना आशीर्वाद दे, आणि आमच्या मंडळीत प्रत्येक मुलाला जागा मिळू दे. आमेन.